दिवसभर गाडी पळते, तरी मागची बॅटरी भरत का नाही?

राहण्याची सोय केलेल्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात: पुढची इंजिनाची, मागची राहण्याची. इंजिनावरचा डायनामो दोन्ही भरतो. मागचीपर्यंत करंट जातो तो जोडवायरमधून, आणि मध्ये रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच.

आधी लक्षणं. यातली दोन जरी जुळली, तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

- सहा-सात तास गाडी चालवून मुक्कामी पोचलात, फ्रिज आणि दोन पंखे लावले, आणि रात्री दोनच्या सुमाराला सगळं गप्प.
- इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीचा मीटर १३.० ते १३.२ वर घुटमळतो, १४ कधी दिसतच नाही.
- बॅटरीच्या खोक्यातून रिलेचा टक-टक आवाज येत राहतो. लागतो, सुटतो, परत लागतो.
- घरच्या चार्जरवर रात्रभर लावली की तीच बॅटरी दोन दिवस नीट चालते.
- सकाळी सेल्फ घेत नाही. म्हणजे पुढची बॅटरीही उतरलेली.
- फ्यूजहोल्डर किंवा वायर हाताला चटका देते, प्लास्टिक तापल्याचा वास येतो.

शेवटचं लक्षण असेल, तर पुढच्या तपासण्या आज करू नका. इंजिन बंद करा, जोडवायर दोन्ही बॅटऱ्यांवरून सोडवा आणि तिची दोन्ही टोकं टेपने गुंडाळा. मगच पुढचा विचार.

माझी गाडी म्हणजे १३ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, आतून घरासारखी करून घेतलेली. पुढची बॅटरी सेल्फ मारायची, मागची राहण्याची: दिवे, पंखे, फ्रिज. मागे १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी आहे, घरच्या इन्व्हर्टरला लावतो तसली, पाणी घालायची लेड-ॲसिड. दोन्ही १२ व्होल्टच्या. हा एकच बिघाड मी माझ्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत इतक्यांदा काढलाय की आता गाडीचा मालक पहिलं वाक्य बोलला की पुढचं मला ठाऊक असतं. "बॅटरी नवीन टाकली, तरी तेच." पहिल्या वेळी मीही बॅटरीच बदलली होती. चौदा हजार गेले आणि दोष जागच्या जागी राहिला. दहापैकी आठ वेळा बॅटरी चांगली असते. तिच्यापर्यंत करंट पोचत नाही, एवढंच.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण बॅटरीच्या दोन खांबांमध्ये अंगठी सापडली तर ती लाल व्हायला क्षण पुरतो. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट.

पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरीच्या खोक्यातून बाहेर काढलेली हवेची नळी हवीच. तपासताना दारं उघडी ठेवा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. डायनामोचा करंट अचानक अडला की व्होल्टेज एकदम उसळतं, डायनामोचे डायोड आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही जातात. जुन्या गाड्यांवर शिकलेले काही कारागीर डायनामो तपासायला आजही असं करतात. त्यांना हात जोडून थांबवा.

फुकटची तपासणी: हिशेब

पानाच्या मागे लिहा. छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास खातो. १२ व्होल्टचे दोन पंखे रात्रभर साधारण ३०. इथवर ठीक. पण इन्व्हर्टरवर १५०० वॅटची इंडक्शन लावून पोहे आणि चहा केलात, की बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास निघतात. पाव तासात ३५ अँपिअर-तास संपले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून १५० मधले वापरायचे फक्त ७५. खर्च याच्या वर जात असेल तर बिघाड शोधू नका, गॅसची शेगडी घ्या. दोन जणांचा त्रास मी निव्वळ एवढ्यावर मिटवला आहे.

बॅटरी स्वतः कशी आहे

काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. सगळं बंद करून बॅटरी रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर चार्जिंगचा फुगवटा दिसतो. १२.९ बघून समाधान होतं आणि रात्री पंखा बंद पडतो.

पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी) सहाही सेल तपासा. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून जास्त मागे असेल, तर तो सेल गेला. मग बॅटरी बदला, पण पुढच्या तपासण्या करूनच. कारण ती अशी झाली ते बहुतेक वेळा अर्धपोटी राहूनच. लेड-ॲसिड बॅटरी दिवसेंदिवस पूर्ण भरली नाही की प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होतं आणि परत विरघळत नाही.

फ्यूज, लग आणि खांब

डोळ्यांनी बघा, लग (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) बोटांनी हलवा. खांबावर पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. फ्यूज उडालेला नसला तरी त्याच्या होल्डरचे पत्ते काळे किंवा सैल असतील तर तिथेच व्होल्ट खर्च होत आहेत.

याच वेळी फ्यूज मोजा. मला बऱ्याच गाड्यांत पुढच्या बॅटरीजवळ एकच सापडतो. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला टेकली, तर पुढचा फ्यूज उडेल आणि मागची बॅटरी त्या शॉर्टमध्ये करंट ओततच राहील. फोमच्या गाद्या, प्लायवूड आणि झोपलेली माणसं यांच्या खालून ती वायर गेलेली असते. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज हवाच. आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा, लागणाऱ्या करंटवरून नाही. घरच्या लाइटच्या बोर्डातला एमसीबी इथे वापरू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या क्षणी त्याची ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी तशीच जळत राहू शकते.

पुढे किती, मागे किती

इंजिन चालू करा, रेस थोडी वाढवा, पुढच्या बॅटरीवर मोजा. साध्या डायनामोवर १३.८ ते १४.५ यायला हवेत. इथेच कमी असतील तर मागच्या बॅटरीचा विचार सोडा, इंजिन बंद करून डायनामोचा पट्टा सैल आहे का बघा. पट्टा ठीक असेल तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. पुढे बरोबर असेल तर लगेच मागे मोजा. पुढे १४.२ आणि मागे १३.१, हा फरक म्हणजेच तुमचा बिघाड. फरक दिसला नाही, तरी निश्चिंत होऊ नका.

खरी तपासणी: लोड देऊन

माझं सांगणं मुख्यतः इथेच आहे.

काही वर्षांपूर्वी गुहागरला गेलो होतो. बहिणीच्या सासूबाई बरोबर होत्या, त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. वाटेत चिपळूणला एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्याने मागच्या बॅटरीवर येणारी वायर सोडवली, तिच्या टोकाला मीटर लावला. १४.२. "साहेब, वायर बरोबर आहे, बॅटरीच बसलीय." मीटर खोटं बोलत नव्हता, तो माणूसही नाही. आणि त्याच रात्री फ्रिज बंद पडला. ताई टॉर्च धरून उभी होती, मी शेजारच्या घरातून बर्फ मागून आणला.

पाइपाच्या तोंडावर बोट दाबून धरलं की टाकीचा पूर्ण दाब जाणवतो, मग आत पाइप कितीही चोंदलेला असो. बोट काढल्यावर धार किती येते, त्यावरून पाइप कळतो. वायरचं तसंच आहे. करंट वाहत नसेल तर एका तारेवर टिकलेली वायरसुद्धा १४.२ दाखवेल. व्होल्ट पडतात ते करंट वाहू लागल्यावर.

म्हणून मोजताना मागची बॅटरी थोडी उतरलेली असू द्या, मागचे पंखे, दिवे, फ्रिज, सगळं लावा. हेडलाइट लावून उपयोग नाही, त्यांचा करंट या वायरमधून जात नाही. मी हेडलाइटचा एक जुना एच-४ बल्ब दोन वायरींना जोडून ठेवला आहे. दोन्ही फिलामेंट एकत्र लावल्या की नऊ-दहा अँपिअर ओढतो. मिनिटभरच लावा, काच भयंकर तापते.

आता बल्ब मागच्या बॅटरीवर पेटता ठेवून, इंजिन चालू ठेवून, मीटरची एक पिन डायनामोच्या जाड लाल वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. एवढी लांब पिन नसते, म्हणून साधी बारीक वायर लांबवून घ्या. मीटरला करंट लागत नाही, बारीक वायर चालते. तिचं डायनामोकडचं टोक इंजिन बंद असतानाच जोडा, पट्ट्यापासून दूर बांधा आणि इतर कुठे टेकू देऊ नका. मीटरवर येणारा आकडा म्हणजे पॉझिटिव्ह बाजूला हरवलेले व्होल्ट. मग तेच निगेटिव्हसाठी: एक पिन डायनामोच्या अंगावर, दुसरी मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर. दोन्ही मिळून पाव व्होल्टच्या आत असावं. एखाद्या बाजूला अर्धा व्होल्ट दिसला की त्या बाजूला एकेक जोड करत पिन पुढे सरकवा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तो जोड दोषी.

गुहागरहून परतल्यावर मी हेच केलं. पॉझिटिव्ह बाजूला ०.१. निगेटिव्ह बाजूला ०.९. मागच्या बाकाखाली अर्थिंगचा बोल्ट होता, चकचकीत, घट्ट, बघून कुणीही पास केला असता. सोडवला तर वायसरखाली गाडीचा पांढरा रंग तसाच होता, आणि रंगाच्या कडेने गंज उतरलेला. सगळा करंट त्या बोल्टच्या आट्यांमधून जात होता. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चमकेपर्यंत घासली, दातेरी वायसर टाकला, आवळला, वरून ग्रीस. वीस मिनिटं आणि जवळपास शून्य रुपये. मागच्या बॅटरीवर १४.० आले. ते बघून मी किती वेळ मीटर हातात धरून बसलो होतो, आठवत नाही.

कोकणात, गोव्यात गाडी राहत असेल तर अर्थिंगचा जोड दरवर्षी उघडून बघा. खारी हवा आधी तिथेच लागते.

वायर पुरेशी जाड आहे का

जोड सगळे ठीक आणि तरी व्होल्ट पडतात, मग वायर. सहा मीटर जायला, सहा यायला, ३० अँपिअर करंट असा हिशेब धरला तर ६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरमध्ये सुमारे एक व्होल्ट जातो. म्हणजे १४.२ चे १३.२ झाले, आणि एवढ्यावर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरतच नाही. तेच २५ स्क्वेअरमध्ये पाव व्होल्ट. रिलेचा टक-टक आवाजही बहुतेक वेळा इथूनच येतो: व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ ला लागतो, करंट वाहू लागला की बारीक वायरमुळे व्होल्टेज कोसळतं, १२.८ च्या खाली गेलं की तो सुटतो, आणि परत सगळं पहिल्यापासून.

वायर घेताना टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. किंमत मोहवते, पण तितक्याच जाडीत तांब्याच्या सुमारे दीडपट व्होल्ट खाते आणि लगात सैल पडते. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग सहा महिन्यांनी परत याच तपासणीवर आणतो.

रिले

हॉर्नच्या रिलेवर ही जोडणी करू नका. आणि सेल्फचा सोलेनॉइडही नको, तो काही सेकंदांसाठी बनलेला असतो, सहा तास ओढून धरला की कॉइल जळते. सतत चालणारा, १०० अँपिअर किंवा वरचा हवा. काही जुन्या गाड्यांत रिलेऐवजी डायोडचा आयसोलेटर असतो. तो पाऊण व्होल्टपर्यंत स्वतःच खातो, तो बिघाड नाही, स्वभाव आहे. काढून टाकणंच बरं.

रिले न लावता दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडून ठेवणारे भेटतात. रात्री दोन्ही एकत्र उतरतात, आणि सकाळी सेल्फ मारताना शेकडो अँपिअर मागून पुढे त्या वायरमधून धावतात. निर्जन ठिकाणी, लहान मुलं बरोबर असताना असं अडकलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

बीएस-६ गाडी किंवा लिथियम बॅटरी असेल तर

१ एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डायनामोचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. पुढची बॅटरी भरली की तो डिझेल वाचवायला १२.५ च्या आसपास आणतो, उतारावर १५ पर्यंत चढवतो. अशा गाडीत वरच्या सगळ्या तपासण्या बरोबर येऊनही मागची बॅटरी उपाशी राहते. इथे रिले कितीही चांगला लावा, उपयोग नाही. डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, जो पुढून काहीही आलं तरी मागे १४.४ बनवून देतो. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर छोटा सेन्सर असेल तर तुमची अर्थ वायर थेट खांबावर लावू नका, बॉडीवर लावा. नाहीतर मागे जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही आणि कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो.

लिथियम फॉस्फेट बॅटरीला तर हा चार्जर लावाच. ती मिळेल तेवढा करंट ओढते. खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, इंजिन मंद, डायनामोचा पंखा सावकाश, आणि मागून पूर्ण मागणी: डायनामो भाजून निघतो. भरीला आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मध्येच बॅटरी तोडू शकतो, म्हणजे वर सांगितलेली व्होल्टेजची उसळी. चार्जर डायनामोच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आत निवडा. ९० अँपिअरच्या डायनामोला ३० चा पुरे. आणि स्पिती-लेहला जाणार असाल तर: शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही. आत धातूचा लिथियम साचतो, तो परत जात नाही. बीएमएसमध्ये थंडीचा कटऑफ आहे का, हे घेतानाच विचारा.

इथे थांबा, माणूस बोलवा

डायनामोवर इंजिन चालू असताना एसी रेंजवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड गेला आहे. डायनामो खोलायच्या भानगडीत पडू नका. वायर किंवा होल्डर वितळलेला असेल, फ्यूज बदलल्यावर परत उडत असेल, तर मोठा फ्यूज टाकू नका. कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो गादीखाली असू शकतो. लिथियम बॅटरी फुगली असेल, गोडसर वास येत असेल, तर गाडीतून सगळ्यांना उतरवा आणि ती विकणाऱ्याला फोन करा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेसला, म्हणजे कंपनीच्या वायरिंगला, चिमटा लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला काहीही करायचं असेल तर परवानाधारक वायरमनच. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलजवळ तर हात नेऊच नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाल तेव्हा "बॅटरी चार्ज होत नाही" एवढंच सांगू नका. "पुढे १४.२, लोड देऊन मागे १३.१, निगेटिव्ह बाजूला ०.९ पडतात" असं सांगा. चांगला कारागीर लगेच कामाला लागतो. जो आकडे न ऐकता नवी बॅटरी काढून दाखवतो, त्याच्याकडून पाणी पिऊन निघा.

बिघाड निघाला की बॅटरीच्या खोक्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: तारीख, पुढचे व्होल्ट, लोडवरचे मागचे व्होल्ट, दोन्ही बाजूंना पडणारे. माझ्या झाकणावर आता चार ओळी आहेत. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी पाचवी लिहीन.